हवेत धडक लागत नाही म्हणे!

विंगसूटचा व्हिडिओ चारचौघांत लावला की त्यांतून एक तरी भौतिकशास्त्री निघतोच. पडद्यावर दहा-बारा माणसं हातापायांमधलं कापड ताणून, एकमेकांपासून हातभर अंतरावर शांतपणे चाललेली असतात. आणि हा सांगतो, ‘अहो, सगळे एकाच वेगाने चाललेत. लागले एकमेकांना तरी काय होणार? सापेक्ष वेग शून्य!’ हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, इंजिनिअर भाच्याकडून ऐकलंय. तिथवर ठीक आहे, कुणाचं काही बिघडत नाही. पण नव्यानेच विंगसूट घालू लागलेले लोकही हेच बोलतात, तेव्हा मात्र डोकं फिरतं.

शून्य सापेक्ष वेग खरा, पण तो व्हिडिओतल्या त्या सुंदर क्षणापुरता. तिथवर पोचायचं कसं, ते विचारा की! विमानाच्या दारातून सगळे एकदम बाहेर पडत नाहीत. पहिल्यानंतर शेवटचा बाहेर येईतो काही सेकंद जातात आणि तेवढ्यात पहिला बराच पुढे नि खाली गेलेला असतो. त्याला गाठायचं तर मागच्याला त्याच्याहून वेगाने जावंच लागतं. तो जादा वेग वेळेत मोडला नाही, तर तोच धडकेचा वेग होतो.

थोडा हिशेब करू. समजा, पुढचा ताशी 150 किलोमीटरने चाललाय आणि मागचा 200 ने येतोय. फरक 50 चा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. तीस मीटरचं अंतर दोन सेकंदांत संपतं. दोघांची वजनं सारखी धरली आणि धक्का दोघांत वाटला गेला असं मानलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ताशी 25 किलोमीटरचा हिसका येतो. घरातल्या माळ्यावरून, अडीच मीटरवरून, खाली डोक्यावर पडल्यासारखं. हवेत पुढे डोकंच असतं, हे विसरू नका. आणि हाडं मोडली नाहीत तरी शुद्ध हरपणं पुरेसं आहे, कारण पॅराशूट अजून उघडायचं असतं.

इथे दुसरा शहाणपणा निघतो: ‘पण समोरचा दिसतोच ना? जवळ आलं की सांभाळून घ्यायचं.’ दिसतो, आणि तिथेच डोळा फसवतो. तुम्ही थेट धडकेच्या रेषेत असाल तर समोरचा माणूस डावीकडे-उजवीकडे सरकत नाही. एका जागी खिळल्यासारखा दिसतो आणि फक्त मोठा होत जातो. तोही आधी अगदी सावकाश आणि शेवटच्या क्षणी एकदम. जहाजांवरच्या लोकांना आणि वैमानिकांना हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं की, जे नजरेत जागचं हलत नाही त्याच्याशीच टक्कर ठरलेली. म्हणून विंगसूटमध्ये माणसावर नेम धरून जायचंच नाही. त्याच्या शेजारच्या रिकाम्या हवेवर नेम धरायचा. मग तो नजरेत बाजूला सरकताना दिसतो, आपला वेग कळतो, आणि अंदाज चुकलाच तर आपण त्याच्या बाजूने निघून जातो. फजिती होते, एवढंच.

‘सांभाळून घ्यायचं’ म्हणजे तरी काय करायचं? ब्रेक नाही. गुडघे वाकवून, अंगाचा कोन बदलून वेग मोडता येतो. पण घाईने तसं केलं की पंखाची उचल वाढते आणि माणूस वर फेकला जातो. मागून वरून झेपावत आलेला असा अचानक थांबायला गेला की नेमका ज्याला गाठायचं त्याच्या पाठीवर जाऊन पोचतो. उडणाऱ्याच्या पाठीच्या वर आणि मागे हवा खवळलेली असते. तिच्यात शिरलं की उचल तुटते आणि वरचा खालच्यावर आदळतो. खालच्याला तो दिसलेलाही नसतो.

रीत अगदी कंटाळवाणी आहे. आधी लांबच, बाजूला, त्याच्याच उंचीवर यायचं. तिथे वेग जुळवायचा आणि खरंच जुळला की नाही ते बघायला क्षणभर थांबायचं. मग चालण्याच्या वेगाने आडवं सरकत आपल्या जागेवर जायचं. आपल्या आधीचा स्थिरावला नसेल तर बाहेरच थांबायचं, कुणाची वाट कापायची नाही. 2012 साली कॅलिफोर्नियातल्या पेरिस इथे शंभर जणांनी एकत्र रचना केली, ती अशा शिस्तीशिवाय कशी जमेल?

बाकीचे गैरसमज भराभर घेऊ.

‘दोनशे उड्या झाल्या, आता गटात उडायला मोकळा.’ अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेची 200 उड्यांची अट विंगसूट पहिल्यांदा अंगावर चढवण्यासाठी आहे. गटाचं शिक्षण त्यानंतर सुरू होतं.

‘बेशुद्ध पडलो तरी यंत्र पॅराशूट उघडेल.’ सायप्रेससारख्या यंत्राची नेहमीची रचना जमिनीपासून सुमारे 225 मीटरवर, तेही खाली पडण्याचा वेग सेकंदाला 35 मीटरच्या वर असेल तरच चालते. विंगसूटमध्ये तो वेग अनेकदा याहून कमी असतो. गटांगळ्या खात पडलात तर कदाचित उघडेल. ‘कदाचित’वर किती विसंबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

‘धोका फक्त शेजारच्या माणसांचा.’ 2018 मध्ये फ्रान्समध्ये एका विंगसूट उडणाऱ्याचा जीव गेला तो विमानाचा पंख लागून. ज्यातून त्याने उडी मारली होती तेच विमान उतरणीला लागलं होतं.

‘एकदा रचना झाली की सुटलो.’ चूक. ठरलेल्या उंचीवर प्रत्येकाने मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, आपापल्या दिशेने वळायचं असतं. वळण्याआधी त्या दिशेला बघायचं असतं. आणि पॅराशूट उघडण्यापूर्वी वर-मागे कुणी नाही ना याची खात्री करून, हात हलवून इशारा द्यायचा असतो. उघडणारा झटक्यात मंदावतो, मागचा त्याच वेगाने येत राहतो. शून्य सापेक्ष वेगवाल्यांनी इथलं गणित स्वतः करून बघावं.