आजोबा, तुमचे गाव कोणते?

वाचकहो, सकाळी फिरावयास निघालात की बसस्थानकाच्या भिंतीशी, बंद दुकानाच्या पायरीवर किंवा मंदिराच्या कट्ट्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला एखादा वृद्ध देह आपल्या दृष्टीस पडत असेल. आपण क्षणभर थबकता, खिशातले नाणे पुढे करता आणि पुढे चालू लागता. कित्येक वर्षे मीही तेच करीत आलो. आज आपल्याशी जे बोलणार आहे, ते एका चुकीतून शिकलेले आहे.

चार दिवसांचा हिशेब

गोष्ट नांदेडची आणि थंडीच्या दिवसांतली. माझ्या दवाखान्याच्या वाटेवर एका दुकानाच्या पायरीवर सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ बसू लागले होते. एका पायाला चिंधी बांधलेली होती आणि ते स्वतःशीच काही पुटपुटत असत. वाटसरूंनी त्यांना वेडे ठरविले होते. कोणी वडापाव ठेवी, कोणी पैसे टाकी. सलग चार दिवस मी त्यांना पाहिले. एकदा दहा रुपयांची नोट दिली आणि रुग्ण खोळंबले असतील म्हणून घाईने निघून गेलो.

पाचव्या दिवशी समोरच्या चहाच्या गाड्यावर काम करणारा मुलगा त्यांच्यापाशी उकिडवा बसलेला दिसला. तो धर्माबादकडचा, तेलंगणाच्या सीमेवरचा. त्याने विचारले होते, "ताता, मीदि ए ऊरु?" म्हणजे, आजोबा, तुमचे गाव कोणते? एवढ्या प्रश्नावर म्हातारबुवांच्या डोळ्यांना धारा लागल्या. जे पुटपुटणे आम्ही वेड समजत होतो, ती शुद्ध तेलुगू होती. निजामाबादकडून आगगाडीने आलेले हे गृहस्थ सोबतच्या माणसांपासून चुकले होते. विस्मरणामुळे परतीची वाट त्यांना सापडत नव्हती. गावाचे नाव कळताच पोलिसांमार्फत निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी मुलगा आला. तो अकरा दिवस वडिलांना शोधत होता, परंतु सीमेच्या पलीकडे.

चिंधीखाली मधुमेहाची चिघळलेली जखम होती. दोन बोटे काढावी लागली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले, की चार-पाच दिवस आधी आणले असते तर कदाचित बोटे वाचली असती. ते चार दिवस माझे होते. मी वैद्य असूनही निदान चहाच्या गाड्यावरच्या मुलाने केले, कारण त्याने विचारपूस केली.

आपणही कधी बेघर होतो

लातूर-नांदेडच्या ज्येष्ठांना घर जाणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरची मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली आणि असंख्य कुटुंबांवर पत्र्याच्या शेडमध्ये संसार मांडण्याची वेळ आली. मी तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी होतो. त्या दिवसांत भाकरी, कपडे, औषधे घेऊन माणसे कोठकोठून धावून आली आणि पुढे बावन्न गावे नव्या जागी वसली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

त्या वेळी कोणीही विचारले नाही, की तुमचे घर पडले त्यात तुमचा दोष किती? पायरीवरच्या एकट्या माणसाविषयी मात्र हा प्रश्न आपल्या मनात आधी उभा राहतो. दारूडा असेल, आळशी असेल, मुलांशी भांडला असेल. त्याच्या घरावर कोसळलेले माळवद आपणास दिसत नाही, एवढाच फरक. कोणाला विस्मरणाने घेरलेले असते, कोणाला स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजाराने, तर कोणाचे घर दीर्घ दुखण्याच्या खर्चात गेलेले असते. व्यसन असले तरी तोही आजारच आहे आणि त्यालाही उपचार आहेत.

मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी एका तरुणाला रस्त्याकडेच्या गटाराचे पाणी नारळाच्या करवंटीने पिताना पाहिले. ते थांबले आणि त्याला उपचारासाठी घेऊन गेले. त्यातूनच १९८८ साली श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. पुढे कर्जत येथे तिचे केंद्र झाले आणि रस्त्यावर भटकणारे हजारो मनोरुग्ण उपचारांनंतर आपापल्या घरी पोहोचले. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढ्या कार्याचा आरंभ दोन माणसांच्या थांबण्यातून झाला, हे ध्यानी घ्यावे.

थांबावे कसे?

प्रथम सावधगिरीचे दोन शब्द. आपण स्वतः ज्येष्ठ असाल तर अंधारात किंवा एकट्याने जवळ जाऊ नये. सोबत कोणी घ्यावे. समोरची व्यक्ती चिडलेली किंवा घाबरलेली असेल तर दूर उभे राहूनच मदत बोलवावी.

जवळ गेल्यावर उभ्याने, वरून बोलू नये. शक्य तर खाली बसावे. गुडघे साथ देत नसतील तर थोडे वाकावे. "आजोबा", "मावशी" अशी हाक द्यावी आणि "जेवलात का?" एवढेच विचारावे. नाव आणि गाव त्यानंतर. भाषा कळली नाही तर ती भाषा जाणणारा माणूस शोधावा. आपल्या भागात तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी जाणणारे कोणी ना कोणी चार पावलांवर सापडतेच.

पाणी द्यावयाचे ते शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या माणसालाच, घोटाघोटाने. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कित्येक दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम भरपेट जेवण देणेही घातक ठरू शकते, कारण रक्तातील क्षारांचे संतुलन अकस्मात बिघडते. मऊ भात, पातळ वरण, पेज असे थोडे थोडे द्यावे आणि अशा माणसाला डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

थंडीत घोंगडी अंगावर टाकून काम भागत नाही. जमीन शरीराची ऊब ओढून घेते, म्हणून अंगाखालीही पोते, पुठ्ठा किंवा जाड सतरंजी हवी. ओले कपडे बदलावेत. दारूने ऊब येते हा समज चुकीचा आहे, तिच्याने शरीर अधिकच थंड पडते. मराठवाड्याच्या वैशाखात याच्या उलट करावे. सावलीत न्यावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे, वारा घालावा. अंग तापलेले आणि माणूस असंबद्ध बोलत असेल तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अकस्मात आलेल्या गोंधळलेपणाला वेड समजू नये. साखर उतरणे, सोडियम कमी होणे, जंतुसंसर्ग, डोक्याला मार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि त्यातील बहुतेक गोष्टी वेळेवर उपचार झाल्यास सुधारतात. पायांकडे पाहण्यास विसरू नये. जखमेत अळ्या दिसल्या तर त्या स्वतः ओढून न काढता रुग्णालय गाठावे. घरातली उरलेली औषधे देऊ नयेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर शासकीय रुग्णालयात क्षयरोगाची तपासणी आणि उपचार विनामूल्य होतात, हे सांगावे आणि जमल्यास सोबत जावे.

आणखी एक विनंती. मदत करताना छायाचित्रे काढून सर्वत्र पाठवू नयेत. ओळख पटविण्यासाठी छायाचित्र लागलेच तर ते पोलिसांकडे द्यावे. त्या माणसाची अब्रू हीच कदाचित त्याची उरलेली एकमेव मालमत्ता असते.

कोणाला कळवावे?

एकट्याने सर्व भार उचलण्याची आवश्यकता नाही. तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२, ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६, हे क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णास संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि अशा माणसाला कोठडीत ठेवता येत नाही. आपण हे नम्रपणे, परंतु ठामपणे सांगू शकता. शहरी बेघरांसाठी निवारा केंद्रे उभारण्याची शासनाची योजना आहे. आपल्या शहरातील केंद्राचा पत्ता महानगरपालिकेत किंवा नगरपरिषदेत आजच विचारून ठेवावा, कारण रात्री अकरा वाजता तो शोधत बसणे कठीण जाते.

ज्येष्ठ नागरिक संघांना माझी विशेष विनंती आहे. सकाळी फिरणाऱ्या आपल्या डोळ्यांइतके शहर कोणीच पाहत नाही. नवा माणूस पायरीवर दिसला की पहिल्याच दिवशी संघातील दोघांनी त्याची विचारपूस करावी, एवढा नियम केला तरी पुष्कळ होईल. दिवाळीनंतर घोंगड्या गोळा कराव्यात आणि महिन्यातून एकदा ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन फेरी मारावी. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये सर्वजण एका पंगतीत बसतात. वाढणारा जेवणाऱ्याची जात, गाव विचारत नाही. अन्नाइतकेच ते बरोबरीने बसणेही माणसाला उभे करते. गाडगेबाबांनी आपल्या शिकवणीत भुकेल्यांना अन्न आणि बेघरांना आसरा एकत्रच सांगितला आणि ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या.

आपल्या उंबरठ्याच्या आत

शेवटी घरातले थोडे. घरात विस्मरणाचा आजार असलेले कोणी असेल तर त्यांच्या सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आत नाव आणि दूरध्वनी क्रमांक शिवून टाकावा. अलीकडचे छायाचित्र हाताशी ठेवावे. शेजारी, किराणा दुकानदार आणि रिक्षाथांबा यांना कल्पना देऊन ठेवावी. माणूस हरवल्यास चोवीस तास वाट पाहावी लागते हा गैरसमज आहे. तक्रार तत्काळ नोंदवावी, आणि शोध घेताना शेजारचा जिल्हा व शेजारचे राज्य विसरू नये.

ज्येष्ठांनो, घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करावयाचे असेल तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ती अट पाळली न गेल्यास तो व्यवहार रद्द करून घेता येतो. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. अट लिहून घेण्यात अविश्वास नाही. ती औषधाच्या चिठ्ठीसारखी आहे, लिहिलेली बरी.

ते तेलुगू आजोबा आता आपल्या गावी आहेत. मुलाचा कधीमधी दूरध्वनी येतो. आजोबा अजूनही केव्हातरी घराबाहेर निघून जातात, परंतु सदऱ्याच्या आत शिवलेल्या क्रमांकामुळे दोन वेळा संध्याकाळच्या आत परत आले. त्या पायरीवर अधूनमधून दुसरे कोणी बसलेले असते. मी आता दवाखान्यात दहा मिनिटे उशिरा पोहोचतो. रुग्ण खोळंबतात, परंतु कारण सांगितले की कोणी तक्रार करीत नाही.