डोळ्याला की हातभर लांब?

दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस योकोहामाच्या बंदराकाठी 'पॅसिफिको' नावाच्या भल्यामोठ्या प्रदर्शन-संकुलात चार दिवस कॅमेऱ्यांची जत्रा भरते. 'सीपी प्लस' तिचं नाव. भरवणारी 'सीपा' ही जपानी कॅमेरा कंपन्यांची संघटना. २०१० साली ही जत्रा सुरू झाली, २०२०मध्ये कोविडमुळे ऐन वेळी रद्द झाली, पुढची दोन वर्षं नुसती इंटरनेटवर उरकली आणि २०२३पासून पुन्हा गर्दी खेचते आहे. इथले कॅमेरे काचेच्या कपाटात बंद नसतात. रांगेत उभं राहायचं, नंबर लागला की कॅमेरा हातात घ्यायचा आणि समोर मांडलेल्या देखाव्याचे किंवा मॉडेलचे फोटो काढून बघायचे. कॅमेऱ्यांइतकीच ते हाताळणारी माणसंही बघण्यासारखी असतात. काही जण कॅमेरा हातात आल्याआल्या डोळ्याला लावतात. काही जण तो छातीपुढे हातभर लांब धरून मागच्या स्क्रीनकडे बघतात. पहिल्यांना दुसरे नवशिके वाटतात आणि दुसऱ्यांना पहिले जुनाट.

हा वाद आपल्याकडच्या फोटोग्राफी क्लबांतही चालतो. खरा फोटोग्राफर व्ह्यूफाइंडरमधूनच बघतो, स्क्रीन हे मोबाइलवाल्यांचं काम, असं एक पक्ष ठणकावून सांगतो. या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरून चाललेली असते, ती म्हणजे व्ह्यूफाइंडर आधीचा आणि स्क्रीन नंतरचा. योकोहामात तरी हे म्हणणं टिकू नये. 'पॅसिफिको'जवळच्या मिनातोमिराई स्टेशनवरून मेट्रोने एकच स्टेशन पुढे गेलं की बाशामिची लागतं. तिथे रस्त्याकडेला शिमोओका रेन्जो यांचं स्मारक आहे. कानो परंपरेत तयार झालेल्या या चित्रकाराने १८६२ साली योकोहामात फोटो स्टुडिओ थाटला. जपानच्या पहिल्यावहिल्या व्यावसायिक छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. पुढच्याच वर्षी फेलिचे बिआतो योकोहामात आला. हा तोच बिआतो, ज्याने १८५८मध्ये भारतात येऊन उठावानंतरच्या लखनौचे आणि दिल्लीचे फोटो काढले होते. मुंबई तेव्हा या कलेत मागे नव्हती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत वावरत होते.

ही सगळी मंडळी फोटोची जुळवाजुळव करत होती ती स्क्रीनवरच. लाकडी कॅमेऱ्याच्या पाठीला घासून धूसर केलेली काच बसवलेली असे. भिंगातून आलेलं चित्र तिच्यावर उलटं पडे: डोकं खाली, पाय वर, डावं ते उजवं. भोवती उजेड असला की ते दिसेनासं होई, म्हणून डोक्यावरून काळं कापड घ्यावं लागे. काचेचा आकार आणि निघणाऱ्या फोटोचा आकार एकच. आज आपण 'मोठा स्क्रीन' म्हणून तीन इंचांचं कौतुक करतो. त्या लोकांच्या पुढ्यात त्याच्या कितीतरी पट मोठं चित्र असे, आणि तेही रंगीत, हलतं. उलट्या चित्राचा जाच होत असेल असं वाटतं खरं, पण मोठ्या काचेवर काम करणारे आजचे लोकही सांगतात की उलटं दिसल्याने ओळखीचा चेहरा ओळखीचा राहत नाही. उरतात ते आकार, उजेड-सावली आणि कडा. चित्र बांधताना याहून जास्त काय लागतं?

खरी अडचण पुढेच होती. चौकट ठरली की ती काच बाजूला सारून तिथे रसायन लावलेली ओली काच बसवायची. ती वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत फोटो घेऊन धुवायचीसुद्धा. पण एकदा ती बसली की चित्र दिसणं बंद. म्हणजे फोटो निघण्याच्या नेमक्या क्षणी फोटोग्राफर आंधळा. तो कापडाबाहेर येऊन कॅमेऱ्याशेजारी उभा राही आणि समोरच्या माणसाकडे उघड्या डोळ्यांनी बघे. माझ्या मते कॅमेऱ्यात नंतर झालेल्या निम्म्या सुधारणा या एका आंधळेपणावरचे उपाय आहेत.

त्यातला एक उपाय आपल्या घराघरांतल्या जुन्या अल्बमांत शाबूत आहे. १९२९ साली जर्मनीत रोलायफ्लेक्स निघाला: दोन भिंगांचा, वरचं बघायला आणि खालचं फोटो घ्यायला. त्याच घराण्यातला जपानी याशिका महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावच्या स्टुडिओंपर्यंत पोचला. लग्नात फोटोग्राफर नवरानवरीसमोर उभा राहून मान खाली घालायचा, पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्याच्या झडपेत बघायचा आणि बघता बघताच 'जरा जवळ या, वहिनी' म्हणायचा. झडपेत होती तीच धूसर काच. चित्र आता सुलटं होतं, पण डावं-उजवं अजून उलटंच. वरात डावीकडे सरकली की काचेवर ती उजवीकडे जायची आणि नव्या पोऱ्याची त्रेधा उडायची. फोटो पोटाच्या उंचीवरून निघत असल्यामुळे त्या काळचे सगळे नवरदेव अल्बमात होते त्यापेक्षा जरा उंच दिसतात. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. विहीणबाई रुसल्या तरी रोल बदलेपर्यंत तेरावा नाही.

डोळ्याला लावायची खिडकी धूसर काचेनंतर घरोघरी पोचली. १९२५च्या लायकाने छोट्या फिल्मचा कॅमेरा रूढ केला. त्याची व्ह्यूफाइंडरची काच भिंगापासून वेगळी, बाजूला होती. जपानमध्ये १९३६ साली 'हान्सा कॅनन' बाजारात आला. त्याचं भिंग आणि व्ह्यूफाइंडरची काचसामग्री पुरवली होती निप्पॉन कोगाकूने, म्हणजे आजच्या निकॉनने. कॅनन मोठा की निकॉन यावर हमरीतुमरीवर येणाऱ्यांना ही माहिती सहसा आवडत नाही.

मग आरसा आला. भिंगातून येणारा प्रकाश आरशाने वर फेकायचा, पाचकोनी प्रिझममधून फिरवून सुलटा करायचा आणि डोळ्यापर्यंत आणायचा. आता जे दिसतं तेच निघतं, कडेने डोकी कापली जात नाहीत. पण जुना आंधळेपणा परत आला. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि खिडकी काळी होते. सुरुवातीला तर फिल्म पुढे सरकवेपर्यंत आरसा वरच राही. जपानच्या आसाही कंपनीने १९५४च्या आसाहीफ्लेक्समध्ये तो आपोआप खाली परतणारा केला आणि काळोख क्षणापुरता उरला. तरी तो क्षण नेमका फोटोचाच. खेळाचे फोटो काढणारे म्हणत, चेंडू बॅटला लागलेला तुम्हाला दिसला, म्हणजे फोटो हुकला. १९५९च्या निकॉन एफपासून पुढची पन्नासेक वर्षं जगभरच्या वृत्तपत्रांचे फोटो या काळोखातून निघाले.

स्क्रीन परतला तो १९९५मध्ये, कॅसिओच्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्यावर. किंमत ६५ हजार येन, मागे १.८ इंचांचा रंगीत पडदा, फोटो अवघा ३२० बाय २४० ठिपक्यांचा. डोळा लावायची खिडकीच नव्हती. भिंगाचा भाग फिरवता येई, त्यामुळे कॅमेरा पोटाशी धरून वरून बघता येई, थेट याशिकासारखा. फोटो तसा टाकाऊच निघे. लोक त्याच्यामागे धावले ते काढलेला फोटो लगेच समोरच्याला दाखवता येतो म्हणून. पुढे स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांची लाट आली. सीपाच्या आकड्यांनुसार २०१० साली सुमारे १२ कोटी कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, तर २०२३ साली जेमतेम ७७ लाख. मधले सगळे मोबाइलने गिळले.

उरलेल्या बाजारात एक उफराटी गोष्ट घडली. पॅनासोनिकने २००८ साली जी-१ काढला, त्यातून आरसाच काढून टाकला आणि डोळ्याच्या खिडकीत एक चिमुकला इलेक्ट्रॉनिक पडदा बसवला, १४ लाख ठिपक्यांचा. आज काही कॅमेऱ्यांत हा आकडा ९४ लाखांवर आहे. सोनीच्या ए-९ने २०१७मध्ये फोटो काढतानाचा काळोखही मिटवला. पूर्वी ज्या क्षणी बघणं थांबायचं, त्या क्षणीही आता चित्र चालू राहतं. म्हणजे 'पॅसिफिको'तल्या रांगेत कॅमेरा डोळ्याला लावणारा माणूसही स्क्रीनच बघत असतो. फक्त त्याचा स्क्रीन अर्ध्या इंचाचा आणि अंधाऱ्या कोठडीत ठेवलेला असतो.

मग फरक उरतो तो शरीराचा. तो पाहायला योकोहामातल्याच सांकेइएन बागेत जावं. रेशमाचे व्यापारी हारा तोमितारो यांनी १९०६ साली ही बाग लोकांना खुली केली. टेकडीवरचा तीन मजली पॅगोडा १४५७ सालचा, १९१४मध्ये क्योतो भागातून आणून उभारलेला. फेब्रुवारीत खाली उमे, म्हणजे जपानी आलुबुखाराची झाडं फुलतात. फुलांची फांदी पुढे आणि पॅगोडा मागे आकाशात, हा इथला ठरलेला फोटो. त्यासाठी कॅमेरा गुडघ्याखाली न्यावा लागतो. डोळ्याला लावायचा तर चिखलात पालथं पडा. मी पाहिलेले आजोबा नुसते उकिडवे बसले, त्यांनी मागचा स्क्रीन वर वळवला आणि फांदी बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत पॅगोड्याचं टोक दोन कळ्यांच्या मधल्या फटीत बसवलं. घाई नव्हती, कारण पॅगोडा कुठे जाणार नव्हता. मग ढग सरकला, ऊन थेट स्क्रीनवर आलं आणि त्यावर त्यांचंच तोंड दिसू लागलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून स्क्रीनवर धरली. शिमोओकांच्या काळ्या कापडाचं काम टोपीने केलं. इतक्यात एक छोटा पक्षी फांदीवर उतरला आणि आजोबांनी टोपी टाकून कॅमेरा झर्रकन डोळ्याला लावला.

त्यांनी केलं ते बरोबरच होतं. स्क्रीन हातभर लांब असल्यामुळे चित्र भिंतीवरच्या तसबिरीसारखं अख्खं दिसतं आणि त्यातलं डावं-उजवं तोलता येतं. व्ह्यूफाइंडरमध्ये बाकीचं जग बंद होतं. कोपरं बरगड्यांना टेकतात, कॅमेरा कपाळाला टेकतो, हात थरथरत नाहीत आणि हलत्या गोष्टीमागे नजर आपोआप धावते. माणसांचा फोटो काढताना मात्र मी स्क्रीनच्या बाजूने आहे. कॅमेऱ्यामागे चेहरा लपला की समोरचं लहान मूल कॅमेऱ्याकडे बघतं, चेहरा दिसला की आपल्याकडे. गंमत म्हणजे रिको ही एकच कंपनी 'जीआर' हा खिडकीच नसलेला कॅमेरा विकते आणि २०११मध्ये घेतलेल्या पेंटॅक्सच्या नावाने आरसेवाले कॅमेरेही विकते. कोणती बाजू बरोबर, हे ठरवायच्या फंदात ती कंपनी पडलेली नाही.

मोबाइलचं प्रकरण निराळं. योकोहामाच्या यामाशिता बागेत भारतीय कारंजं आहे. १९२३च्या भूकंपात शहराने दिलेल्या आधाराबद्दल इथल्या भारतीयांनी ते भेट दिलं. मुंबई आणि योकोहामा १९६५पासून भगिनी-शहरं आहेत. याच बागेत दिवाळीचा मेळा भरतो. लेझीम सुरू झालं की शेकडो हात वर होतात, आणि बहुतेक जपानी मोबाइलचा शटरचा आवाज बंद करता येत नसल्यामुळे सगळीकडे कचकच चालते. एका हातात, उन्हात, डोक्यावर धरलेल्या मोबाइलच्या स्क्रीनवर धड चित्र बांधता येत नाही आणि कॅमेरा स्थिरही राहत नाही.

कॅमेरा घ्यायला निघालात, तर दुकानदार मेगापिक्सेल सांगेल, ते ऐकून घ्या. मग दोन गोष्टी स्वतः करून पाहा. पहिली, कॅमेरा घेऊन दुकानाच्या दाराबाहेर उन्हात या आणि स्क्रीन वाचता येतो का बघा. दुसरी, चष्मा असेल तर चष्म्यासकट डोळा लावा आणि चौकटीचे चारही कोपरे एकदम दिसतात का ते पाहा. माहितीपत्रकात 'आय-पॉइंट' म्हणून एक आकडा असतो. चष्मेवाल्यांना तो २० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त हवा. चाळिशी लागलेल्यांना स्क्रीन बघायला जवळचा चष्मा शोधावा लागतो, व्ह्यूफाइंडरला लागत नाही, कारण त्याच्या शेजारी डायॉप्टरचं एक बारीक चाक असतं. बहुतेकांनी त्याला कधी हात लावलेला नसतो. ते फिरवताना समोरच्या दृश्याकडे बघू नका, खिडकीत खाली उमटणारे शटरचे आणि ॲपर्चरचे आकडे लख्ख दिसेपर्यंत फिरवा.