पुठ्ठ्याच्या नळ्यांवर उभं राहिलेलं चर्च

कापडाच्या दुकानात तागा संपला की आतून पुठ्ठ्याची नळी निघते. पोरं तिची तलवार करून खेळतात, नाहीतर ती रद्दीत जाते. एकदा ती जमिनीवर उभी धरून वरून जोर लावून बघा. तळहात दुखतो, नळी ढिम्म हलत नाही. शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकाराने १९८०च्या दशकात नेमकी हीच ताकद हेरली आणि पुढे असल्या नळ्यांवर घरं, चर्चं, प्रदर्शनाची दालनं उभी केली. २०१४ साली त्यांना वास्तुकलेतला अतिशय मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

कागद एवढा भार पेलतो कसा? जुन्या कागदाचा लगदा करून बनवलेल्या कागदाच्या लांब पट्ट्यांना गोंद लावतात आणि एका गोल दांड्याभोवती त्या तिरप्या गुंडाळत जातात. थरावर थर चढतो, वाळून एकजीव होतो. मग हवी तेवढी लांबी कापून घ्यायची. उभ्या भाराखाली बारीक काठी चिरडण्याआधी मध्येच लचकते. नळीत तोच कागद मध्यापासून दूर, कडेला पसरलेला असतो, त्यामुळे तिला लचकवणं अवघड जातं. पोकळ बांबूचं बळ यातच आहे. कागदाचा वैरी पाणी, म्हणून नळ्यांना जलरोधक लेप देतात. आणि हलकेपणा हा तर इथे मोठाच गुण, कारण भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाबरोबर वाढतो.

१७ जानेवारी १९९५च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानमधलं कोबे शहर भूकंपाने हादरलं. ६,४००हून अधिक माणसं गेली. नागाता भागात पादत्राणांचे कारखाने होते, तिथे आगी भडकल्या आणि ताकातोरी चर्चही जळालं. या चर्चमध्ये व्हिएतनामहून आलेले निर्वासित येत असत. सरकारची तात्पुरती घरं शहराबाहेर, आणि यांचं पोट तर जवळपासच्या कारखान्यांवर. लांब गेलं की काम गेलं, म्हणून कितीतरी कुटुंबं उद्यानातच ताडपत्रीखाली राहिली. बान यांनी या लोकांसाठी घरं बांधली. पायाला बिअरच्या बाटल्यांचे प्लास्टिकचे क्रेट, त्यात वाळूच्या गोण्या. भिंती १०६ मिलिमीटर व्यासाच्या नळ्यांच्या, एकीला एक खेटून उभ्या, फटींत चिकटपट्टीचा स्पंज. वर तंबूचं कापड. उन्हाळ्यात छपराखालचे त्रिकोण उघडले की वारा खेळायचा, थंडीत बंद केले की ऊब आत राहायची. पत्र्याच्या खोलीत होरपळून उन्हाळा काढलेल्या कोणालाही या दोन उघड्या त्रिकोणांचं मोल सांगावं लागणार नाही.

जळलेल्या चर्चच्या जागी मग कागदी चर्च उभं राहिलं. आगीतून गेलेल्या जागी कागदाची इमारत म्हटल्यावर तिथल्या धर्मगुरूंना ती कल्पना आधी पटली नव्हती, यात नवल नाही. १६० स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत काम संपवलं. पाच मीटर उंचीच्या ५८ नळ्या लंबवर्तुळात उभ्या केल्या. वेदीच्या मागे त्या दाट ठेवल्या आणि प्रवेशाच्या बाजूला विरळ, म्हणजे दर्शनी भाग उघडला की आतली सभा आणि बाहेरचं अंगण एक व्हावं. विटेचा तुकडाही न वापरता केवळ खांबांच्या अंतरातून गाभाऱ्याचा एकांत आणि अंगणाचा मोकळेपणा दोन्ही साधणारी ही मांडणी मला कौशल्याची कमाल वाटते.

ही तात्पुरती इमारत दहा वर्षं वापरात राहिली. २००५ साली पक्क्या चर्चसाठी जागा मोकळी करायची वेळ आली, तेव्हा ती पाडली नाही, उलगडली. तैवानमध्ये २१ सप्टेंबर १९९९ रोजी मोठा भूकंप झाला होता, आणि त्यात उद्ध्वस्त झालेल्या ताओमी या गावाने ही इमारत मागून घेतली. सुटे भाग जहाजाने समुद्रापार गेले, आणि २००८ साली तेच चर्च तिथे गावाचं सभागृह म्हणून खुलं झालं. आपल्या मुंबई-पुण्यात तीस-चाळीस वर्षांच्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारती पुनर्विकासासाठी जमीनदोस्त होतात आणि त्यांचा राडारोडा होतो. तेव्हा टिकाऊ कशाला म्हणायचं, हा प्रश्न नुसत्या मालमसाल्याने सुटत नाही. एखादी इमारत कोणाला हवीशी आहे आणि ती सोडवून दुसरीकडे नेता येते का, हेही तितकंच महत्त्वाचं.

कोबेत बांधलेलं ते नळ्यांचं घर २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर कच्छमध्ये भुजलाही आलं. इथे मात्र सामान आलं नाही, युक्ती आली. क्रेटऐवजी पडलेल्या इमारतींचाच राडारोडा पायात भरला आणि वर मातीची जमीन केली. छपराला चिरलेल्या बांबूची कमान, तिच्यावर विणलेल्या चटया, मध्ये पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागद. छपराच्या दोन्ही टोकांना चटईच्या बारीक छिद्रांतून वारा जात राहतो, त्यामुळे आत चूल पेटवता येते. धूर वरून निघून जातो आणि जाता जाता डासही पळवतो.