थेंब इथे, गळती कुठे?

मृग सरतो, आर्द्रा लागते आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या धानाच्या बांध्या पाण्याने भरू लागतात. पऱ्हे टाकून झालेले असतात. ते वीतभर वाढले की रोवणी, आणि रोवणीच्या आधी चिखलणी. या दिवसांत ट्रॅक्टरला उसंत म्हणून नसते. एका बांधीतून निघाला की दुसऱ्या बांधीत. आणि नेमकं तेव्हाच एखाद्या सकाळी ट्रॅक्टरखाली जमिनीवर काळा, तेलकट डाग दिसतो. असा ट्रॅक्टर आरमोरीत सापडेल, चामोर्शीत सापडेल, मूल-सिंदेवाहीकडेही सापडेल. आपण मनातल्या मनात त्यातला एक निवडू आणि त्याची गळती शोधायला मिस्त्रीकाकांबरोबर जाऊ.

सोपं काम वाटतं ना? वाकून पाहायचं, थेंब कुठून पडतोय ते बघायचं, तिथला नट आवळायचा, झालं! पण दोस्तांनो, डिझेल इंजिनाच्या बाबतीत थेंब पडतो ती जागा आणि तेल बाहेर येतं ती जागा या दोन्ही बहुतेक वेळा वेगवेगळ्या असतात. कधी त्यांच्यात दोन-तीन हातांचं अंतर असतं.

आपल्या ट्रॅक्टरचा थेंब पडतोय इंजिनाच्या मागच्या बाजूला, क्लचच्या पोकळीखाली जे छोटं भोक असतं त्यातून. पारावर बसलेले सगळे एका सुरात सांगतात, "क्रँकची मागची सील गेली!" इंजिनाच्या पोटात फिरणारा जाड दांडा म्हणजे क्रँक. तो मागे जिथे बाहेर येतो तिथे तेल अडवायला रबराची एक गोल सील असते. ती खरंच गेली असेल तर मोठंच काम निघतं. तिच्यापर्यंत हात पोचायला ट्रॅक्टर चक्क मधोमध फोडावा लागतो. खाली जॅक आणि लाकडी ठोकळे लावायचे, मधले बोल्ट काढायचे, पुढचा इंजिनाचा भाग एकीकडे, मागचा गिअरबॉक्सचा भाग दुसरीकडे! काम संपेपर्यंत रोवणी थांबलेली आणि रोवणाऱ्या बाया बांधावर बसलेल्या. म्हणून जाणता मिस्त्री पाना उचलण्याआधी फडका मागतो.

"का जी, सील आणू का?" मालक विचारतो.

"थांबा न जी. आधी पाहू तरी, हे तेल कोणतं आहे!"

ट्रॅक्टरमध्ये एकच तेल नसतं. इंजिन ऑइल असतं, गिअरचं तेल असतं, नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिकचं तेल असतं, शिवाय टाकीतलं डिझेल. मिस्त्रीकाका थेंब पांढऱ्या कागदावर घेतात, बोटांत चोळतात, वास घेतात. डिझेल पातळ असतं, कागदावर झपाट्याने पसरतं आणि त्याचा वास लगेच ओळखू येतो. गिअरचं तेल दाट, चिकट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं. इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं सोनेरी असतं, पण डिझेल इंजिनात थोडे तास चाललं की काळंकुट्ट होतं. पुष्कळांना वाटतं काळं तेल म्हणजे खराब तेल. तसं नाही. डिझेल जळताना जी बारीक काजळी तयार होते ती तेल आपल्यात धरून ठेवतं, इंजिनाच्या भागांवर बसू देत नाही. तेलाच्या अनेक कामांपैकी ते एक काम आहे. ते काळं होतं, कारण ते काम करतंय.

आपला थेंब काळा, मध्यम दाट. म्हणजे इंजिन ऑइल. आता ते निघालं कुठून?

सिरोंच्याच्या घाटावर उभं राहून प्राणहितेचं पाणी पाहिलं, तर ते सिरोंच्यातच उगवलं असं कोणी म्हणेल का? ते आलंय वैनगंगा आणि वर्धेतून. त्या दोघी चपराळ्याजवळ भेटतात. वैनगंगा निघते मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात, वर्धा निघते बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ. तेलाचंही तसंच. ते वरून कुठूनतरी निघतं, लोखंडाला धरून उतरतं, बोल्टच्या डोक्याला वळसा घालतं, खाचेतून वाट काढतं आणि सगळ्यात खालच्या टोकाशी येऊन थेंब होऊन पडतं. त्यात भर घालतो पंखा. रेडिएटरमागचा पंखा हवा इंजिनावरून मागे फेकत असतो, त्यामुळे तेलाचा ओघळ नुसता खाली जात नाही, मागेही सरकतो. पुढच्या बाजूची गळती मागे दिसते ती अशी.

एक थेंब म्हणजे किती, असं कुणी म्हणेल. चला, हिशोब करू. साधारण २० ते २५ थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला एक थेंब पडला तर २४ तासांत १४४० थेंब, म्हणजे जवळपास ६० ते ७० मिलिलिटर. इंजिन असं चालत राहिलं तर पंधरा दिवसांत साधारण एक लिटर! आणि अशा ट्रॅक्टरच्या इंजिनात एकूण तेल असतं सहा-आठ लिटर. तेल फार खाली गेलं की क्रँक आणि बेअरिंग एकमेकांवर कोरडे घासतात, आणि इंजिन जाम होतं.

आता काकांचं खरं काम सुरू होतं, आणि ते दिसायला अगदी साधं आहे. ते इंजिन धुतात. रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश, मग साबणाचं पाणी, मग फडका. कोपरे, खाचा, बोल्टच्या मागची जागा, सगळं. का? कारण जुनं तेल धूळ धरतं. चंद्रपूरच्या खाणींकडे त्यावर कोळशाची भुकटी बसते, गडचिरोलीच्या कच्च्या रस्त्यांवर तांबडी माती. त्याचा इतका जाड थर होतो की ताजी गळती कुठली आणि मागच्या वर्षीची कुठली ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. धुऊन, कोरडं करून मग एक गंमत करतात. घरातली साधी टाल्कम पावडर इंजिनाच्या मागच्या अंगावर फुंकरीने उडवतात. सगळं इंजिन पांढरं! त्यावर तेलाचा केसाएवढा ओघळ आला तरी गडद रेघ उमटते, आणि रेघ वर जिथे सुरू होते तिथे बघायचं.

इंजिन सुरू केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काहीच नाही! पावडर पांढरीशुभ्र. मालक म्हणतो, "आता गळतच नाही न!"

गळेल कसं? इंजिन अजून थंड आहे. थंड तेल दाट असतं, बारीक फटीतून सरकत नाही. तापलं की ते पातळ होतं. शिवाय धातू तापून प्रसरण पावतो, लोखंड आणि अॅल्युमिनियम वेगवेगळ्या प्रमाणात, त्यामुळे थंड असताना घट्ट बसलेल्या जोडात तापल्यावर फट पडू शकते. काही गळत्या तर इंजिनावर ओझं आल्यावरच दिसतात. रिकामा ट्रॅक्टर तासभर चालवा, थेंब नाही. चिखलात घाला, की सुरू. आणि काही रबरी सील थंडीत आखडतात, म्हणून याच्या उलट, फक्त थंड इंजिनातच गळतात! म्हणून काका म्हणतात, "बांधीत दोन चकरा मारून आणा, मग पाहू."

दोन चकरा झाल्या. इंजिन बंद केलं. आता एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काडीला बांधलेला छोटा आरसा. इंजिनाच्या मागे डोकं घालता येत नाही, पण आरसा घालता येतो. आणि दिसली! पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ. क्लचच्या पोकळीपासून वर, आणखी वर, इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, कडेवरून थेट माथ्यावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यात. क्रँकची सील खाली बिचारी कोरडी ठणठणीत!

मोठ्या वर्कशॉपमध्ये यासाठी आणखी सुंदर युक्ती वापरतात. तेलात एक खास रंगद्रव्य मिसळतात, इंजिन थोडा वेळ चालवतात आणि अंधारात त्यावर अतिनील प्रकाशाचा दिवा धरतात. अतिनील प्रकाश आपल्याला दिसत नाही. पण ते रंगद्रव्य तो शोषून घेतं आणि दिसणारा हिरवा-पिवळा प्रकाश बाहेर टाकतं. जिथून तेल झिरपतंय ती वाट अंधारात लखलखते. याला म्हणतात प्रतिदीप्ती. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली तिचा नीट अभ्यास मांडला. ही किमया जंगलातही आहे बरं का! विंचवाच्या पाठीवर असाच दिवा धरला तर काळा-तपकिरी विंचू निळा-हिरवा चमकतो. जगातले जवळजवळ सगळे विंचू चमकतात, आपल्या ताडोबाच्या रानातलेसुद्धा. ते का चमकतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

तर, टॅपेट कव्हरखालचं, जोडातून येणारं तेल अडवणारं पॅकिंग बदललं. स्वस्तातलं काम, थोड्या वेळात झालं. ट्रॅक्टर बांधीत गेला. आणि दोन दिवसांनी पुन्हा थेंब! त्याच कोपऱ्यातून, नव्या कोऱ्या पॅकिंगमधून.

मला या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत आवडतो. आता पॅकिंगचा दोष नाही, कव्हरचाही नाही. तेलाला आतून कोणीतरी ढकलतंय. कोण?

त्यासाठी इंजिनाच्या आत डोकावू. जर्मनीतल्या ऑग्सबर्गला १८९७ साली रुडॉल्फ डिझेलने जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्यात ठिणगी पाडणारा प्लग नव्हता. आजच्या डिझेल इंजिनातही तो नसतो. पिस्टन हवेला इतकं दाबतो की १६ ते १८ भाग जागेत मावणारी हवा एका भागात कोंबली जाते. ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडताच भडका उडतो. पिस्टनला घट्ट बसणाऱ्या रिंगा असतात, तरी त्या प्रचंड दाबाचा थोडा वायू कडेने खाली निसटतोच, अगदी नव्या इंजिनातही. तो उतरतो तेलाच्या चेंबरमध्ये. तिथे साठत गेला तर? म्हणून त्याला बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते, ब्रीदर. ती बुजली की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमजोर जोडातून बाहेर ढकललं जातं. तुम्ही कितीही पॅकिंग बदला, सील बदला, ते पुन्हा येणार!

काका इंजिन सुरू करून तेल भरायच्या तोंडावर झाकण नुसतंच उलटं ठेवतात. झाकण थडथड उडायला लागतं. गॅरेजमध्ये याला बॅक कंप्रेशन म्हणतात. मग ते ब्रीदरची नळी काढून उजेडाकडे धरतात. पलीकडचं काही दिसत नाही. आत तार घालतात आणि बाहेर पडते वाळलेली माती, तिच्यात चिमुकले कोळी!

हे कुंभारीण माशीचं घर. कुंभारणीच्या जातीतल्या काही माद्यांना नळ्या आणि भोकं फार प्रिय. त्या ओल्या मातीच्या गोळ्या आणून आत खोल्या बांधतात, प्रत्येक खोलीत नांगीने लुळे केलेले कोळी ठेवतात, त्यावर अंडं घालतात आणि दार मातीने लिंपून टाकतात. अळी बाहेर आली की खायला तयार! उन्हाळाभर गोठ्यात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची नळी त्यांना मिळाली तर त्या कशाला सोडतील? १९९६ साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एक प्रवासी विमान कोसळलं, तेव्हा वेग मोजणाऱ्या नळीत अशाच माशीने घर केलं असावं, असा संशय चौकशीत व्यक्त झाला होता. एवढीशी माशी! दर वेळी मात्र माशीच असते असं नाही. जास्त करून ब्रीदर धुळीने आणि चिकट गाळाने बुजतो. आणि नळी साफ करूनही झाकण उडतच राहिलं, तर समजायचं की रिंगा झिजल्या आहेत. तिथे मात्र इंजिन खोलण्यावाचून उपाय नाही.

आपल्या ट्रॅक्टरची नळी रॉकेलने धुतली, बसवली. झाकण शांत राहिलं आणि गळती थांबली.

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर, पद्मापूरच्या खुल्या कोळसा खाणींत जे अजस्र डंपर फिरतात, त्यांनाही गळतीचे हेच नियम लागू. तिथे आणखी एक धास्ती असते. गळकं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं. म्हणून अशा यंत्रांवर नुसता ओलसरपणा दिसला तरी तो हसण्यावारी नेत नाहीत.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्या झाडीपट्टीत गावोगाव बोड्या आहेत, जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यात मासे आहेत, शिंगाडे आहेत, गाई-म्हशी तिथेच पाणी पितात. तेल पाण्यावर किती पसरतं माहीत आहे? बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या एका तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तर ते जवळजवळ अर्धा एकर पसरलं. ते त्याने १७७४ साली छापून प्रसिद्धही केलं. मग बांधीच्या धुऱ्यावर ओतून दिलेलं लिटरभर काळं तेल पावसात कुठवर जाईल?

म्हणून घरी ट्रॅक्टर किंवा पंपाचं इंजिन असेल तर बाबांना, काकांना एवढं सांगा: गळती सापडेपर्यंत इंजिनाखाली एक पसरट डबा ठेवा, बदललेलं जुनं तेल कॅनमध्ये भरून ऑइलच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये परत द्या, आणि रोज इंजिन सुरू करण्याआधी तेल मोजायची पट्टी काढून पाहा. चालू इंजिनाजवळ, पंख्या-पट्ट्याजवळ तुम्ही स्वतः मात्र जायचं नाही. तुमच्यासाठी घरचा प्रयोग आहे. चमचाभर गोडेतेलात चिमूटभर हळद ढवळा, गाळ खाली बसू द्या. नोटा तपासायचा निळा दिवा कुणाकडे असेल तर मोठ्या माणसांसोबत, दिव्याकडे थेट न पाहता, अंधारात त्या तेलावर धरा. काय दिसलं, ते आम्हाला पत्राने नक्की कळवा.