पोच (संगणकीय संदेशवहन)

संगणकीय संदेशवहनात, पाठवलेली माहिती मिळाल्याचे ग्राहक यंत्र ज्या संकेताने प्रेषक यंत्राला कळवते, त्यास पोच म्हणतात. तंत्रज्ञांच्या बोलीत तिला 'अ‍ॅक' आणि माहिती सदोष मिळाल्याच्या संकेताला 'नॅक' असे म्हणतात. आस्की संकेतमालेत या दोहोंना अनुक्रमे ६ व २१ हे क्रमांक आहेत.

आंतरजालावरील बरीचशी देवाणघेवाण ज्या टीसीपी नियमावलीने चालते, तिचा पोच हा कणा आहे. तीत पाठवलेल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. १००० पर्यंतचे बाइट सलग मिळाले, तर ग्राहक पोचेत १००१ हा आकडा पाठवतो. म्हणजे 'आता येथून पुढचे पाठवा'. ठरावीक वेळेत पोच आली नाही, तर प्रेषक तोच भाग पुन्हा पाठवतो. कधी माहिती नीट पोहोचते आणि पोचच वाटेत हरवते. अशा वेळी तोच भाग दुसऱ्यांदा येतो. क्रमांकावरून तो ओळखून ग्राहक टाकून देतो. यूडीपी या १९८० सालच्या नियमावलीत मात्र पोचेची सोय नाही.

== पोच आणि स्वीकृती ==
काही मराठी लेखनात 'अ‍ॅक'साठी 'स्वीकृती' हा शब्द योजतात. तो दिशाभूल करणारा आहे. कचेरीत अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मिळाला म्हणजे अर्ज मंजूर झाला, असे कोणी मानत नाही. टीसीपीची पोचही एवढेच सांगते, की माहिती पलीकडच्या यंत्रातील टीसीपीच्या हाती आली. ती पुढे संबंधित प्रणालीला मिळाली किंवा वापरकर्त्याने वाचली, याची हमी त्यात नसते. म्हणूनच पैशांच्या व्यवहारात केवळ या पोचेवर न विसंबता व्यवहार पूर्ण झाल्याचा स्वतंत्र संदेश घ्यावा लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर हा भेद डोळ्यांना दिसतो. एक खूण म्हणजे संदेश रवाना झाला, दोन खुणा म्हणजे तो समोरच्याच्या उपकरणात पोहोचला. वाचल्याची निळी खूण २०१४ च्या नोव्हेंबरात आली. ती बंदही ठेवता येते. दोन करड्या खुणा पाहून 'वाचूनही उत्तर नाही' असा रुसवा धरणे त्यामुळे निराधार ठरते.

== बोलीतील वापर ==
संगणकतज्ज्ञांच्या आपसांतील संभाषणात 'अ‍ॅक' म्हणजे 'ऐकले, लक्षात आले'. लिनक्स गाभ्याच्या विकासकांत मात्र अर्थ पालटला आहे. तेथे एखाद्या बदलाला 'अ‍ॅक' देणे म्हणजे त्यास अनुकूलता दर्शवणे आणि 'नॅक' म्हणजे उघड विरोध. या वापरासाठी मराठीत 'संमती' हाच शब्द योग्य होय.