करिअरविषयक सल्ला आणि नोकरदार स्त्री : वेतनाच्या वाटाघाटींच्या संदर्भात

महाविद्यालयांतून विद्यार्थिनींना मिळणाऱ्या करिअरविषयक सल्ल्याचा सूर गेल्या काही दशकांत पालटला आहे. ‘घराजवळची, ठरावीक वेळेची नोकरी पाहावी’ या जुन्या उपदेशाच्या जागी ‘संकोच सोडा, आपले मोल मागून घ्या’ असे सांगितले जाऊ लागले. पहिला उपदेश स्त्रीला मर्यादेत ठेवणारा होता, हे उघड आहे. दुसरा तिच्या कितपत उपयोगी पडतो, याचे उत्तर मात्र तितके सरळ नाही. वेतनाच्या वाटाघाटींबाबत सल्ला आणि संशोधन दोन्ही विपुल उपलब्ध असल्याने या प्रश्नाची तपासणी तेथे चांगली करता येते.

लिंडा बॅबकॉक आणि सारा लॅशेव्हर यांचा ‘विमेन डोन्ट आस्क’ हा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांची पाहणी त्यात दिली आहे. पुरुषांचे प्रारंभिक वेतन स्त्रियांपेक्षा ७.६ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे चार हजार डॉलरने अधिक होते. देऊ केलेल्या वेतनापेक्षा अधिक मागणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत ५७ टक्के, तर स्त्रियांत अवघे ७ टक्के आढळले. त्या विद्यापीठाचा करिअर विभाग सर्वच विद्यार्थ्यांना वाटाघाटी करण्याचा आग्रहाने सल्ला देत असे, ही बाब येथे विशेष महत्त्वाची. एकच सल्ला दोघांच्या कानी पडला. वर्तन मात्र भिन्न राहिले.

हा केवळ संकोच होता काय? हॅना राइली बोल्स, बॅबकॉक आणि लेई लाई यांच्या २००७ मधील प्रयोगांनी वेगळी बाजू पुढे आणली. अधिक वेतन मागणाऱ्या उमेदवाराविषयी मूल्यमापकांचे मत प्रतिकूल होते. परंतु पुरुष मूल्यमापकांनी स्त्री उमेदवाराच्या बाबतीत ही नाराजी अधिक तीव्रतेने दाखविली. म्हणजे न मागणाऱ्या स्त्रीचे मौन हे भित्रेपणाचे लक्षण नसून पुष्कळदा परिस्थितीचे अचूक आकलन असते. पुढे २०१८ मध्ये आर्ट्झ, गुडॉल व ओस्वाल्ड यांनी ऑस्ट्रेलियातील कर्मचाऱ्यांच्या माहितीचे विश्लेषण केले. त्यात समान परिस्थितीतील स्त्रियाही पुरुषांइतक्याच वेळा वेतनवाढ मागतात असे दिसले. मात्र ती पदरात पडण्याचे प्रमाण पुरुषांत २० टक्के आणि स्त्रियांत १५ टक्के होते. ‘मागा म्हणजे मिळेल’ हे सूत्र येथे लंगडे पडते.

सल्ल्याचा याहून सूक्ष्म परिणाम अन्यत्र आहे. शेरिल सँडबर्ग यांच्या ‘लीन इन’ (२०१३) या गाजलेल्या पुस्तकातील विचार प्रयोगातील सहभागींसमोर ठेवल्यावर काय घडते, हे ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी अभ्यासले. त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रिया स्वतः परिस्थिती बदलू शकतात, हा विश्वास श्रोत्यांत वाढला. पण त्याबरोबरच विषमता दूर करण्याची जबाबदारी, किंबहुना तिचा दोषही, स्त्रियांचाच असल्याची भावना बळावली. धीर देणारे शब्द दोषारोपाचे साधन होतात ते असे. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी येथे शंका घेण्याचे कारण नाही.

याउलट लायब्रांट व लिस्ट यांच्या क्षेत्रीय प्रयोगाचा (२०१५) निष्कर्ष आशादायक आहे. त्यात सुमारे अडीच हजार नोकरी शोधणाऱ्यांचा समावेश होता. वेतनाविषयी चर्चा होऊ शकते, असे जाहिरातीत स्पष्ट नमूद केले असता स्त्री-पुरुषांच्या वर्तनातील तफावत नाहीशी झाली. नियम संदिग्ध ठेवला, तेव्हा ती प्रकट झाली. बदल जाहिरातीच्या मजकुरात झाला होता. कोणाही उमेदवाराला धाडसाचे धडे दिले गेले नव्हते.

महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. अनुदानित महाविद्यालयातील नियमित पदाचे वेतन श्रेणीनुसार ठरते. तेथे वाटाघाटींना वाव नाही आणि म्हणून त्यातून उद्भवणारी विषमताही नाही. ठोक मानधनावरील अथवा खाजगी क्षेत्रातील नेमणुकीत मात्र आकडा बंद दाराआड ठरतो. समान कामास समान वेतनाचे तत्त्व १९७६ च्या कायद्याने आले व २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाले. परंतु शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला काय मिळते हेच ठाऊक नसेल, तर त्या तत्त्वाचा आधार घ्यायचा कसा? (वेतन विचारणे असभ्य, हा आपला शिष्टाचार कोणाच्या सोयीचा आहे, हेही तपासण्याजोगे आहे.)

तेव्हा मार्गदर्शन कक्षाने आत्मविश्वासाच्या व्याख्यानाला थोडी कात्री लावून माहितीला जागा द्यावी, हे इष्ट. त्या क्षेत्रात नवागताला प्रत्यक्षात काय वेतन मिळते, ते माजी विद्यार्थ्यांकडून नावे वगळून दरवर्षी संकलित करता येईल. नेमणूकपत्रातील कोणत्या अटी बदलून घेता येतात, ते दाखवावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे; प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. या बाबी मुलाखतीपूर्वीच विद्यार्थिनीला ठाऊक असाव्यात. आणि भरतीसाठी येणाऱ्या कंपनीकडून वेतनाचा पल्ला व तो चर्चेस खुला आहे की नाही, हे लेखी मागून घेण्याचे काम एकट्या बावीस वर्षांच्या मुलीवर न सोपविता महाविद्यालयालाच करता येते.