विश्लेषण : वेळापत्रक कोलमडूनही ३३ देश ‘इटर’ प्रकल्पात एकत्र का? संलयन ऊर्जेच्या महायंत्रामागची माणसे कोण?

फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स भागात, कादाराश येथे ‘इटर’ ही जगातील सर्वांत मोठी प्रायोगिक संलयन अणुभट्टी उभी राहत आहे. इतर बहुतेक व्यासपीठांवर एकमेकांविरोधात उभे असलेले अमेरिका, रशिया आणि चीन येथे एकाच यंत्राचे सुटे भाग बनवतात. वेळापत्रक वारंवार कोलमडले, खर्च वाढला, तयार भागांत दोष निघाले. तरीही करारानंतर सातपैकी एकही सदस्य बाहेर पडलेला नाही. हे कशामुळे शक्य झाले आणि यात भारत कुठे आहे, याचा आढावा.

संलयन म्हणजे काय? ते इतके अवघड का?

आजच्या अणुवीज केंद्रांत युरेनियमसारखा जड अणू फोडून ऊर्जा मिळवतात. संलयनात उलट घडते. हायड्रोजनची ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही दोन रूपे एकत्र येऊन हेलियम तयार होतो आणि मोठी ऊर्जा बाहेर पडते. सूर्यात हेच काम प्रचंड गुरुत्वाकर्षणामुळे होते. पृथ्वीवर तेवढा दाब नाही, म्हणून तापमान वाढवावे लागते. ‘इटर’मध्ये ते १५ कोटी अंश सेल्सियसपर्यंत न्यायचे आहे. सूर्याच्या गाभ्याच्या हे सुमारे दहापट.

एवढे तापमान कोणतेही भांडे सहन करू शकत नाही. त्यामुळे मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळ कक्षात हा तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने अधांतरी धरून ठेवतात. या यंत्राला टोकामॅक म्हणतात. त्याचे अतिवाहक चुंबक उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागतात. म्हणजे काही मीटरच्या अंतरात एकीकडे १५ कोटी अंश आणि दुसरीकडे गोठवणारी थंडी. प्लाझ्माला ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट संलयन ऊर्जा मिळवणे हे ‘इटर’चे उद्दिष्ट आहे. यातून वीजनिर्मिती होणार नाही, हा केवळ प्रयोग आहे.

ही कल्पना कुणाला सुचली?

१९५० मध्ये सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील साखालिन बेटावर ओलेग लावरेन्तिएव्ह हा तरुण सार्जंट तैनात होता. सैन्यातील नोकरी सांभाळून तो शालेय शिक्षण पूर्ण करत होता. त्याने थेट मॉस्कोला टिपण पाठवून नियंत्रित संलयनाची एक पद्धत सुचवली. हे टिपण अभिप्रायासाठी आंद्रेई साखारोव्ह यांच्याकडे आले. लावरेन्तिएव्हचा मार्ग वेगळा होता, पण ते वाचून साखारोव्ह यांच्या विचारांना चालना मिळाली. साखारोव्ह आणि इगोर टाम यांनी चुंबकीय क्षेत्राचा पर्याय मांडला आणि त्यातून टोकामॅकची वाट निघाली.

भारतातही याच काळात या विषयाची चर्चा होती. १९५५ मध्ये जीनिव्हातील अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष म्हणून डॉ. होमी भाभा यांनी पुढील दोन दशकांत नियंत्रित संलयन साध्य होईल, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही.

शत्रू देश एकत्र कसे आले?

सोव्हिएत टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंश तापमान मिळाल्याचा दावा १९६८ मध्ये झाला, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसेना. मॉस्कोतील संशोधकांचे प्रमुख लेव्ह आर्त्सिमोव्हिच यांनी ब्रिटिशांना ‘तुम्हीच येऊन मोजा’ असे निमंत्रण दिले. शीतयुद्ध ऐन भरात असताना १९६९ मध्ये कुलहॅम प्रयोगशाळेचे पथक लेझर उपकरणे घेऊन मॉस्कोत गेले. दावा खरा निघाला आणि जगभरात टोकामॅक उभे राहू लागले.

‘इटर’ची ठिणगी पडली ती नोव्हेंबर १९८५ मध्ये, जीनिव्हात. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ येवगेनी वेलिखोव्ह यांनी मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्यापुढे संयुक्त संलयन प्रकल्पाची कल्पना मांडली होती. गोर्बाचेव्ह यांनी ती रोनाल्ड रेगन यांच्यासमोर ठेवली. पुढचा प्रवास सरळ नव्हता. खर्चाच्या कारणावरून अमेरिका १९९९ मध्ये बाहेर पडली आणि २००३ मध्ये परतली. त्याच वर्षी चीन आणि दक्षिण कोरिया आले, तर २००५ अखेरीस भारत. जागेवरून फ्रान्स आणि जपान यांच्यात रस्सीखेच झाली. जागा फ्रान्सला आणि पहिले महासंचालकपद जपानला, असा तोडगा निघाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसमध्ये करारावर स्वाक्षऱ्या झाल्या.

काम कसे वाटले गेले?

युरोपीय महासंघाचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. भारत, चीन, जपान, कोरिया, रशिया आणि अमेरिका यांचा प्रत्येकी नऊ टक्के. बहुतांश वाटा पैशांत नाही, तर तयार भागांच्या रूपात द्यायचा असतो. मुख्य निर्वात पात्राचे नऊ तुकडे आहेत. त्यांपैकी पाच युरोप बनवतो आणि चार कोरिया. सारे तुकडे प्रोव्हान्समध्ये एकमेकांना अचूक बसले पाहिजेत.

कागदावर ही पद्धत विचित्र वाटते. एकाच कंत्राटदाराकडून सगळे बनवून घेणे सोपे झाले असते. पण मग यंत्र बांधायला एकच देश शिकला असता. येथे तयार होणाऱ्या ज्ञानावर सर्व सदस्यांचा हक्क आहे, आणि एकत्र राहण्याचे मोठे कारण तेच आहे. युक्रेन युद्ध सुरू असतानाही रशियाने बनवलेले चुंबकाचे महाकाय कडे नोव्हेंबर २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून जहाजाने निघाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्पस्थळी पोहोचले.

भारताचा वाटा किती मोठा?

भारताने दिलेला सर्वांत मोठा भाग म्हणजे क्रायोस्टॅट. संपूर्ण टोकामॅकला बाहेरून वेढणारे पोलादाचे हे निर्वात भांडे थर्मासच्या बाहेरच्या कवचासारखे काम करते. त्याची उंची आणि रुंदी सुमारे ३० मीटर, तर वजन सुमारे ३,८५० टन आहे. लार्सन अँड टुब्रोने गुजरातमधील हजीरा येथे ते ५४ तुकड्यांत बनवले. तुकडे समुद्रमार्गे फ्रान्सला नेऊन प्रकल्पस्थळावरील कार्यशाळेत जोडण्यात आले. सुमारे १,२५० टनांचा तळ मे २०२० मध्ये, करोनाकाळातच, जागेवर बसवला गेला. याशिवाय शीतकरण वाहिन्या, थंड पाण्याची यंत्रणा आणि प्लाझ्मा तापवण्याच्या काही प्रणालीही भारताकडे आहेत.

यामागे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे अनेक दशकांचे काम आहे. संस्थेच्या उभारणीत मोलाचा वाटा असलेले डॉ. प्रेधिमन कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा देशी टोकामॅक सुरू झाला. त्या लहान यंत्रावर भारतीय संशोधकांची पिढी घडली नसती, तर ‘इटर’मध्ये भारताला समान भागीदार म्हणून स्थान मिळणे कठीण होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्यासह या प्रकल्पाला भेट दिली.

मग चूक कुठे झाली?

मे २०२२ मध्ये निर्वात पात्राचा पहिला, चुंबकांसह तेराशे टनांहून जड असलेला भाग खड्ड्यात उतरवला गेला. सात वर्षे प्रकल्पाची धुरा वाहणारे महासंचालक बर्नार बिगो यांचे त्यानंतर काही दिवसांतच, १४ मे रोजी आजारपणाने निधन झाले. इटलीचे अभियंते पिएत्रो बाराबास्की यांची नेमणूक झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये वाईट बातमी जाहीर झाली.

दोष दोन होते. पात्राच्या तुकड्यांच्या कडा ठरलेल्या मापात नव्हत्या, त्यामुळे स्वयंचलित वेल्डिंग अडचणीचे होते. दुसरा अधिक धोकादायक होता. चुंबकांना उष्णतेपासून वाचवणाऱ्या कवचाच्या नळ्यांना बारीक तडे गेले होते. निर्मितीदरम्यान राहिलेल्या क्लोरीनच्या अंशामुळे धातू आतून खाल्ला जात होता. यंत्र बंद झाल्यावर एखादी नळी गळली असती, तर तिथपर्यंत पोहोचणे जवळपास अशक्य होते.

त्यामुळे कटू निर्णय झाला. बसवलेला भाग जुलै २०२३ मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला आणि नळ्या बदलण्याचे, कडा दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले गेले. दुरुस्ती शक्य असतानाच दोष सापडला हे त्यातल्या त्यात बरे, अशी बाराबास्की यांची भूमिका होती. एप्रिल २०२५ मध्ये पात्राचा भाग पुन्हा खड्ड्यात उतरला.

आता वेळापत्रक काय? टीका कोणती?

पहिला प्लाझ्मा आधी २०१६ आणि नंतर २०२५ मध्ये अपेक्षित होता. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या आराखड्यानुसार संशोधन २०३४ मध्ये सुरू होईल, तर ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये. वाढीव खर्च सुमारे पाच अब्ज युरो आहे. हवामान संकटाला उत्तर म्हणून हे फार उशिराचे आहे, हा टीकाकारांचा मुद्दा बिनतोड आहे. दरम्यान इतर यंत्रे पुढे गेली. कादाराश येथीलच ‘वेस्ट’ टोकामॅकने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकवला. खासगी कंपन्याही शर्यतीत आहेत. मात्र अशा महाकाय यंत्राचे चुंबक, वेल्डिंग आणि शीतकरण नेमके कसे करायचे, याचा सर्वांत मोठा अनुभव ‘इटर’च्या कामातूनच जमा होत आहे.

हे यंत्र चालू झालेले कोण पाहणार?

लावरेन्तिएव्ह यांनी पुढील आयुष्य युक्रेनमधील खार्किव्ह येथे संशोधनात घालवले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. काव २०१७ मध्ये गेले, बिगो २०२२ मध्ये आणि वेलिखोव्ह डिसेंबर २०२४ मध्ये. करारावर स्वाक्षऱ्या झाल्या तेव्हा पंचविशीत असलेला अभियंता २०३९ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेल. नियंत्रण कक्षात तेव्हा बसलेल्यांपैकी अनेक जण आज शाळेत आहेत. त्यांच्या हाती जे यंत्र जाणार आहे, त्यातील नळीला तडा नसावा यासाठीच आजची माणसे बसवलेला भाग पुन्हा उचलून बाहेर काढायला तयार झाली.